जानेवारीत ऐकू येतं ते

संगणक विकणारा माणूस बोलका असतो. रॅम किती, प्रोसेसर कुठला, वॉरंटी कशाची, हप्ता किती बसेल, सगळं एका दमात सांगतो. त्या यादीत आवाजाचा रकाना नसतो. मी मुद्दाम विचारलं, तर नाशिकच्या दुकानातला पोरगा हसून म्हणाला, "भाऊ, फॅन म्हटला की आवाज येणारच. मशीन चालू आहे हे कळायला तर पाहिजे!" त्याचंही बरोबर होतं. बाहेर रिक्षांचे हॉर्न, डोक्यावर गरगरणारा पंखा, शेजारी बिलं छापणारा प्रिंटर. त्या कल्लोळात कुठला संगणक गप्प आणि कुठला बडबडा, हे ब्रह्मदेवालाही कळलं नसतं.

पण मला ते यंत्र घरी, कळवणला न्यायचं होतं, बैठकीच्या खोलीत टीव्हीखाली सिनेमे पाहण्यासाठी ठेवायला.

कळवणचे आवाज ऋतूंनी वाटून घेतले आहेत. चैत्रात खान्देशातले पायी यात्रेकरू सप्तशृंग गडाकडे निघतात, तेव्हा रस्त्यावर ढोल आणि गाड्यांवरचे भोंगे. उन्हाळ कांदा निघाला की बाजार समितीकडे जाणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचा खडखडाट. पावसाळ्यात पत्र्यावर सर आली की बोलणंच खुंटतं. एप्रिल-मेमध्ये छताचा पंखा रात्रंदिवस फिरतो आणि घरातले सगळे बारके आवाज पोटात घालतो. हिवाळ्यात मात्र पंखा बंद, खिडक्या बंद. गिरणेच्या खोऱ्यात थंडी उतरली की रात्री नऊनंतर भिंतीवरच्या घड्याळाचा काटासुद्धा ऐकू येतो. शहरात जो संगणक गरीब गाय वाटतो, तो इथे जानेवारीत उघडा पडतो.

सिनेमा आणि यंत्राचा आवाज यांचं भांडण तसं जुनंच. 'राजा हरिश्चंद्र'नंतर दादासाहेब फाळके १९१३ मध्ये मुंबई सोडून नाशिकला आले, तेव्हा चित्रपट मुके होते. चित्रपटगृहं मात्र मुकी नव्हती. पडद्यापुढे पेटी-तबला वाजायचा आणि मागे प्रोजेक्टर खडखडायचा. प्रोजेक्टरला वेगळी खोली मिळाली ती मुख्यतः आगीच्या भीतीने, कारण त्या काळची नायट्रेटची फिल्म एकदा पेटली की विझता विझत नसे. भिंत आगीसाठी आली, पण खडखडाटही तिच्याआड गेला. जत्रेतल्या तंबूत ही चैन कुठली? बोलपट आल्यावरही तिथे जनरेटरच्या घरघरीवर मात करत नायकाला प्रेमाचे संवाद म्हणावे लागत. आता सिनेमा घरी आला, पण टीव्हीसाठी वेगळी यंत्रखोली कोण बांधतो? संगणकाचा डबा पडद्याखालीच, सोफ्यापासून चार हातांवर. मग यंत्रालाच गप्प बसायला शिकवायला हवं.

गप्प बसवायचं म्हणजे उष्णता कमी करायची. प्रोसेसर तापतो म्हणून फॅन फिरतो. डबा लहान तर फॅनही लहान, आणि लहान फॅनला तेवढीच हवा ढकलायला जास्त वेगाने फिरावं लागतं. त्यातून जो बारीक, उंच सूर निघतो, तो रात्री कानाशी घोंगावणाऱ्या डासासारखा असतो: मोठा नसतो, पण सोडत नाही. त्यातही एकसुरी फिरणारा फॅन कान विसरून जातो. मध्येच चढणारा आणि उतरणारा फॅन विसरता येत नाही. म्हणून नुसता डेसिबलचा आकडा पाहून भागत नाही, सिनेमा चालू असताना फॅनचा वेग किती बदलतो तेही पाहावं लागतं.

इथे व्हिडिओचा प्रकार कामाला येतो. आजच्या बऱ्याचशा फाइली एचईव्हीसी पद्धतीने दाबून बसवलेल्या असतात. त्या उलगडायची सोय प्रोसेसरच्या चिपमध्येच असेल तर फोर-के चित्रपटही यंत्राला घाम न फुटता चालतो. ती नसेल तर सगळा भार प्रोसेसरच्या डोक्यावर येतो, आणि नायिका कुजबुजत असताना टीव्हीखालून विमान उडू लागतं. २०२३च्या सुरुवातीला आलेला इंटेलचा एन१०० हा चार कोरचा, ६ वॉटचा प्रोसेसर या कामाला पुरून उरतो. एव्ही१ ही नवी पद्धतही त्याला येते. तो बसवलेले काही डबे तर बिनफॅनचे असतात. रास्पबेरी पाय हा एका पाटीवरचा संगणक त्याहून लहान, आणि त्याच्यावर कोडी हा व्हिडिओ प्लेअर टाकला की टीव्हीच्याच रिमोटवर चालतो. आईच्या हातात दुसरा रिमोट द्यावा लागत नाही, ही आमच्या घरात मोठी गोष्ट आहे. तिसरी वाट जुन्या बाजाराची. कंपन्यांनी वापरून काढून टाकलेले थिंकसेंटर टायनी किंवा ऑप्टिप्लेक्स मायक्रो हे वीतभर रुंद, दोन बोटं जाड डबे स्वस्तात मिळतात. ते घ्यायचे तर इंटेलच्या सातव्या किंवा त्यानंतरच्या पिढीचे घ्यावेत. त्याआधीच्यांना दहा बिटचं एचईव्हीसी नीट झेपत नाही.

असाच एक जुना डबा ओळखीच्या मुलाने माझ्यासमोर उघडला. चार स्क्रू, वरचं झाकण सरकवलं. आत फॅनच्या पात्यांवर धुळीची तपकिरी साय, आणि त्यामागच्या ॲल्युमिनियमच्या फटींत कापसाच्या पोळीएवढा गच्च थर. त्याने तो चिमट्याने अख्खा सोलून काढला, ब्रशने फटी मोकळ्या केल्या, प्रोसेसरवरची वाळून खडखडीत झालेली पेस्ट पुसून नवीन लावली. पुन्हा चालू केला, तर मघाशी कण्हणारं ते यंत्र हेच का, असा प्रश्न पडावा. शेजारचे नाना तिथेच बसले होते. त्यांनी कान लावला आणि विचारलं, "हाई चालू शे का बंद?" एवढं मोठं प्रशस्तिपत्र कुठल्याही कंपनीच्या खोक्यावर छापलेलं नसतं.

मात्र कळवणची दुसरी परीक्षा मे महिन्यात असते. कांदा चाळीत भरायच्या दिवसांत हवेत धूळ आणि पातळ टरफलं उडत असतात, दुपारी खोली भट्टी होते. बिनफॅनचं यंत्र जानेवारीत पैकीच्या पैकी गुण मिळवेल, पण बंद शोकेसमध्ये कोंबलं तर मेमध्ये नापास होईल. त्याचं अंगच त्याचा रेडिएटर असतं. चारी बाजूंनी वारा हवा. त्याच्यावर सेट-टॉप बॉक्स नको आणि क्रोशाचा रुमाल तर नकोच नको. साठवणीला फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क न घेता एसएसडी घ्यावी. तिच्यात हलणारं काही नसतं, त्यामुळे कुरकुरही नसते. आणि एवढं कमी खाणारं यंत्र लाइट गेल्यावर टीव्हीसोबत इन्व्हर्टरवर निवांत चालतं.

एवढा खटाटोप कशासाठी, असं घरच्यांनीही विचारलं. ओटीटी तर टीव्हीतल्या ॲपवर दिसतंच, उलट तिथेच जास्त स्वच्छ दिसतं. खरं आहे. हा डबा घरच्या साठ्यासाठी. आमच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट, तिची पुढे झालेली सीडी, आता झालेली फाइल. चित्र फिकट, आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा. मंगलाष्टकं संपतात, बँड थांबतो, आणि कॅमेऱ्याबाहेरून आजी कुणाला तरी सांगते, "पोरी, पदर सावर गं." आजीचा आवाज असलेलं दुसरं काही आमच्याकडे नाही. घरच्या जुन्या टॉवर संगणकावर हे वाक्य फॅनच्या घरघरीत बुडून जायचं.

चित्रपटांचंही तसंच. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मध्ये सुट्टी लागते, न्यायालयाची खोली रिकामी होते, दिवे मालवतात आणि पडदा अंधारून जातो. त्या वेळी तुमच्या खोलीत फॅन गुणगुणत असेल तर दिग्दर्शकाने जे केलं त्यातलं अर्धंच तुमच्यापर्यंत पोहोचतं. मोठ्या आवाजाचे प्रसंग कुठलंही यंत्र निभावून नेतं.

तेव्हा घरचा सिनेमाचा संगणक निवडताना सगळ्यात शांत प्रसंग डोळ्यांपुढे ठेवून निवडा. ताकद गरजेपुरती बस्स. दुकानात गर्दीच्या वेळी जाऊ नका. शटर अर्धं खाली आल्यावर जा, प्रिंटर आणि पंखा बंद करायला सांगा, एक फोर-के चित्रपट अर्धा तास चालवा, टीव्हीचा आवाज शून्यावर ठेवा आणि नुसते कान द्या. एवढा वेळ द्यायला दुकानदार तयार नसेल, तर खुशाल दुकान बदला.