नखांवर चढवलेली नखे

रमजान ईद झाली की आमच्या वाळूजमध्ये निकाहांची रांग लागते. पूर्वी नवरीच्या हातांची चर्चा म्हणजे मेहंदी कोण काढणार, एवढीच असायची. आता मेहंदीच्या आधी नखांचा विषय निघतो. बजाजनगरपासून रांजणगावपर्यंत पार्लरच्या पाट्यांवर 'नेल आर्ट' आणि 'नेल एक्स्टेन्शन' ही अक्षरे गेल्या काही वर्षांत दिसू लागली आहेत. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते, पण शिक्षिका म्हटली की तिला सगळेच ठाऊक असते असा आपल्या बायकांचा समज. त्यामुळे "आपा, ती नखं लावली की आपली नखं खराब होतात का?" हा प्रश्न मला स्टाफरूमपासून मय्यतीच्या घरापर्यंत विचारला गेला आहे. होय, मय्यतीच्या घरीसुद्धा. शेवटी माझ्या नणंदेच्या मुलीच्या निकाहाची तारीख ठरली आणि प्रश्न घरात येऊन बसला. तेव्हा मी शहरातल्या एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंना गाठले आणि जमेल तेवढे वाचूनही काढले.

आपल्याला दिसते ते नख मृत पेशींचे, केराटिन नावाच्या प्रथिनाचे असते. त्याचे जिवंत मूळ बुडाशी, कातडीखाली. तिथून बोटाचे नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर पुढे सरकते. बुडापासून टोकापर्यंत सबंध नवे नख यायला 4 ते 6 महिने लागतात, पायाच्या अंगठ्याला वर्ष-दीड वर्ष. जाडी म्हणाल तर जेमतेम अर्धा मिलिमीटर. हे आकडे लक्षात असू द्या, पुढे कामाला येतील. "नखांना श्वास घेता येत नाही" असे मात्र पुन्हा म्हणू नका. नख हवेतून श्वास घेत नाही, त्याच्या मुळाला जे लागते ते रक्तातून मिळते. नुसते झाकले म्हणून नख गुदमरत नाही.

मग बिघडते कशाने? डॉक्टरबाई म्हणाल्या, लावण्याआधीच्या घासण्याने आणि काढतानाच्या ओढण्याने. अॅक्रिलिक किंवा जेल नीट धरावे म्हणून खालचे नख खरखरीत करतात. काही ठिकाणी त्यासाठी विजेवर फिरणारी छोटी कानस असते. अर्ध्या मिलिमीटरच्या वस्तूवर ती जरा जास्त दाबली गेली तर उरणार काय? त्यात लांब नख तरफेसारखे काम करते. दाराच्या कडीत अडकले, बादलीच्या कडीला लागले, की जोर थेट नखाच्या गादीवर येतो आणि नख मांसापासून सुटते. सुटलेल्या फटीत पाणी साचते आणि तिथे जंतू वाढतात. कधी कधी नखाखाली हिरवट डाग दिसतो, तो स्यूडोमोनास नावाच्या जंतूचा. त्यावर पुन्हा नवा थर चढवून डाग झाकणे म्हणजे ओल आलेल्या भिंतीला रंग देणे. काढायचे तर अॅसिटोनमध्ये दहा-पंधरा मिनिटे धीराने भिजवून काढावे लागते. घाईत उपसले तर त्याच्याबरोबर आपल्या नखाचे पापुद्रेही निघतात.

आणि घाई आपल्याच घरांत जास्त आहे. ही गोष्ट कुठल्या सौंदर्याच्या मासिकात येणार नाही, म्हणून इथे लिहिते. वुजूमध्ये हात धुवायचे म्हणजे पाणी नखापर्यंत पोहोचले पाहिजे, गुसलमध्ये तर सर्वांगाला. प्लास्टिकच्या नखाखाली ते पोहोचत नाही, हे आपल्या मुलींना पक्के माहीत आहे. म्हणून त्यांनी एक वाट काढली आहे. नमाज माफ असते त्या दिवसांत नखे चिकटवायची आणि पाक होण्याच्या आदल्या रात्री काढून टाकायची. मुलींची नियत वाईट नाही, उलट नमाजची काळजी आहे म्हणूनच ही कसरत. पण हिशेब करून पाहा. दर महिन्याला एकदा चिवट गोंद आणि एकदा ओढाताण. नख महिन्यात सरकते 3 मिलिमीटर. म्हणजे मागच्या महिन्याचा सोललेला भाग अजून निम्म्या वाटेवरही नाही आणि त्यावर पुन्हा गोंद. सहा महिने असे चालले की एकाच नखावर सहा वेळांची सोलपट दिसते. माझ्या दहावीच्या वर्गात अशी कागदासारखी वाकणारी नखे मी पाहिली आहेत. त्यांच्या मानाने नवरीची एका दिवसाची नखे काहीच नाहीत.

नखे कापणे ही फितरतची गोष्ट, आणि चाळीस दिवसांहून अधिक ती वाढू न देण्याची हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. हे सांगितले की मुली म्हणतात, "आपा, ही तर आमची नाहीतच, प्लास्टिकची आहेत." या युक्तिवादाला मी मार्क देते, पण ते वक्तृत्वाचे.

झाकलेल्या नखाचे दुसरे नुकसान आपल्या लक्षातच येत नाही. नख म्हणजे शरीराची खिडकी. फिकट पडलेले, चमच्यासारखे खोलगट झालेले नख शरीरात लोह कमी असल्याचे सांगते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 100 बायकांपैकी 54 जणींना रक्तक्षय आढळला होता. आपल्या घरातल्या, सगळ्यांना वाढून उरलेले खाणाऱ्या बायका यात नसतील असे मला वाटत नाही. बुलढाणा जिल्ह्याची बातमी तर ताजीच आहे. शेगाव तालुक्यातल्या काही गावांत 2024 च्या अखेरीला आणि 2025 च्या सुरुवातीला लोकांचे केस अचानक गळू लागले, आणि एप्रिल 2025 मध्ये त्याच भागात लोकांची नखे वेडीवाकडी होऊन गळायला लागली. शरीरात सेलेनियम जास्त गेल्याकडे तज्ज्ञांनी बोट दाखवले. शेतात राबणाऱ्या त्या माणसांची नखे उघडी होती, म्हणून बदल चटकन दिसला. ऑपरेशनच्या आधी डॉक्टर नखे साफ करून यायला सांगतात तेही यासाठीच. बोटाला लावायचे ऑक्सिजन मोजण्याचे यंत्र करोनाच्या काळात आपण सगळ्यांनी पाहिले, ते नखातूनच पाहते.

आता या सगळ्यात मला ज्याची सर्वांत जास्त काळजी वाटते ते. नखे लावून घेणारीपेक्षा लावून देणारीचे हात.

माझी एक जुनी विद्यार्थिनी, नाव सांगत नाही, बारावीनंतर पार्लरचे काम शिकली. वडिलांची कंपनीतली कंत्राटी नोकरी गेली तेव्हापासून घर तिच्या बोटांवर चालले आहे, अक्षरशः. थ्रेडिंग आणि फेशियलपेक्षा नखांच्या कामात पैसे जास्त, म्हणून तिने उसने घेऊन दिवा आणि जेलचे सामान आणले. वर्षभरात तिच्या बोटांच्या टोकांना खाज सुटली, मग भेगा पडल्या. "आटा गूंदते वखत जलता, आपा," म्हणाली. तिला वाटले साबणाने होते. पुढे पापण्यांना सूज यायला लागली तेव्हा कुणी म्हणे नजर लागली. मी तिला त्याच त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे नेले. पाठीवर छोट्या पट्ट्या चिकटवून दोन दिवसांनी पाहतात, त्या पॅच टेस्टमध्ये कळले की तिला मेथाक्रिलेटची अॅलर्जी आहे. जेलमध्ये हेमा नावाने जे रसायन असते ते याच कुळातले. दिव्याखाली पूर्ण घट्ट झाले तर ते फारसा त्रास देत नाही. कच्चे राहिले, दिवा त्या जेलला जुळणारा नसला, किंवा कातडीला लागले, की अॅलर्जी जडू शकते. हाताला लागलेले रसायन डोळे चोळताना पापणीवर जाते. पातळ हातमोज्यांतून ते काही मिनिटांत आरपार उतरते, त्यामुळे हातमोजे घातले म्हणजे भागले असेही नाही.

बाईंनी पुढे जे सांगितले ते ऐकून ती गप्प झाली. ही अॅलर्जी एकदा जडली की सहसा आयुष्यभर राहते. आणि हीच रसायने दातांत भरायच्या सिमेंटमध्ये, सांधे बदलताना हाडाला लावायच्या सिमेंटमध्ये वापरली जातात. कृत्रिम नखांची गोष्ट दातांच्या दवाखान्यातूनच सुरू झाली आहे. 1950 च्या दशकात अमेरिकेतल्या फ्रेडरिक स्लॅक नावाच्या दंतवैद्याने तुटलेल्या नखावर दातांच्या कामाचे अॅक्रिलिक लावून पाहिले, असे सांगतात. म्हणजे बावीस वर्षांच्या या मुलीने पुढे कधीही दात भरायचा तर डॉक्टरांना आधी हे सांगायचे. तिला अशी चिठ्ठीच लिहून दिली आहे, ती पर्समध्ये ठेवते.

युरोपीय संघाने 2021 पासून हेमा असलेली नखांची उत्पादने फक्त व्यावसायिकांनी वापरावीत असा नियम केला. जेल घट्ट करणारे टीपीओ नावाचे रसायन तर 1 सप्टेंबर 2025 पासून तिथे सौंदर्यप्रसाधनांत बंदच झाले. आपल्याकडे दिव्यासकट संच मोबाइलवरून कुणीही मागवते आणि दहावीतली मुलगी व्हिडिओ पाहून बहिणीवर प्रयोग करते. दिव्याच्या किरणांबद्दलही विचारले जाते. जानेवारी 2023 मध्ये सॅन दिएगोच्या संशोधकांनी प्रयोगशाळेतल्या पेशींवर असा दिवा 20 मिनिटे धरला, तेव्हा 20 ते 30 टक्के पेशी मेल्या. पण त्या काचेच्या बशीतल्या पेशी होत्या, अख्खा हात नव्हता, आणि एका वेळी लागणारा वेळही एवढा नसतो. वर्षात एक-दोनदा लावणारीने त्याची धास्ती घेऊ नये, सनस्क्रीन लावावे, असे बाई म्हणाल्या. आमच्या ज्या मुली नर्सिंगला जातात त्यांना मात्र मी आधीच सांगून ठेवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2009 च्या सूचनांप्रमाणे रुग्णाला हात लावणाऱ्यांनी कृत्रिम नखे वापरायची नाहीत, कारण कितीही धुतली तरी त्यांच्याखाली जंतू राहतात.

भाचीच्या बाबतीत भांडण झाले नाही, हे नशीब. मी "लावू नकोस" म्हटलेच नाही. निकाहाला हातांवर दाट मेहंदी आणि तिची स्वतःची, नीट कापलेली नखे. मेहंदी रंगवते आणि थर ठेवत नाही, वुजूला अडत नाही, म्हणून आपल्या आज्ज्या तिच्यावर खूश होत्या. फक्त काळ्या 'झटपट' मेहंदीच्या कोनाला हात लावू दिला नाही, त्यात केसांच्या रंगातले रसायन मिसळलेले असते आणि कातडी भाजते. वलीम्याच्या संध्याकाळी फोटोसाठी हट्ट होता, तर गोंदाऐवजी चिकटपट्टीवर बसणारी तयार नखे आणली. मगरिब झाल्यावर लावली आणि इशाच्या आधी कोमट साबणाच्या पाण्यात बोटे बुडवून काढली. पाच मिनिटांत सुटली, खालच्या नखावर ओरखडा नाही. एक मात्र बिर्याणीत पडले, ते धाकट्या दिराला सापडले, तो किस्सा आता घरात कायमचा झाला आहे.

आणि त्या विद्यार्थिनीने जेलचे काम सोडले आहे. बोटांच्या भेगा दोन महिन्यांत भरल्या, नखे अजून बुडाकडून येत आहेत. मेहंदी आणि थ्रेडिंगवर तिचे भागते म्हणावे तर भागत नाही, उसन्याचे हप्ते अजून शिल्लक आहेत. दिवा विकायला काढलाय, पण घ्यायला येते ती एखादी अठरा-एकोणीस वर्षांचीच मुलगी असते. तिला विकावा की नाही, हे ती मला विचारते.