दुय्यम भूमिका

आपण नायक नाही, हे माणसाला नेमके कोणत्या वयात कळते याचा शोध मानसशास्त्रज्ञांनी अद्याप लावलेला दिसत नाही. माझ्यापुरते बोलायचे तर ते मला चोपन्नाव्या वर्षी, जून महिन्यातल्या एका सोमवारी, सकाळी अकराच्या सुमारास कळले. आमच्या महाविद्यालयाच्या प्राचार्यपदी कोणाची नेमणूक झाली ते सांगणारा कागद त्या वेळी सूचनाफलकावर लागला. त्यावर माझे नाव नव्हते, एवढेच असते तर मी ते गिळले असते. पण त्यावर जे नाव होते ते मी पंचवीस वर्षांपूर्वी हजेरीपटात रोज उच्चारीत असे. तो माझा विद्यार्थी. त्याला शेक्सपियर मी शिकविला. त्याच्या पहिल्या नोकरीसाठी शिफारसपत्र मी लिहिले. आणि तो या महाविद्यालयात यावा म्हणून ज्याच्या त्याच्या खनपटीला बसणाराही मीच!

मंगळवार पेठेत राहणाऱ्या माणसाला आपले दुःख एकट्याने भोगण्याची सोय नाही. संध्याकाळी मिरजकर तिकटीकडे पाय वळले, तेव्हा आमच्या पानवाल्याने चुन्याचे बोट तसेच धरून विचारले, "काय सर, पेढं कवा?" मी म्हटले, "पेढे दुसऱ्याचे आहेत." तो क्षणभर गप्प राहिला. मग त्याने माझे पान नेहमीपेक्षा अधिक काळजीपूर्वक लावले आणि पैसे घेतले नाहीत. ते न घेतलेले दहा रुपये मला त्या सूचनाफलकाहून अधिक लागले. सहानुभूतीला जेव्हा कात लागतो, तेव्हा तिचा रंग लवकर जात नाही!

त्या रात्री मी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहिला. तो इंग्रजीत लिहिला, कारण मराठीत लिहिले असते तर त्यात राग दिसला असता. अर्ज टेबलाच्या खणात ठेवला आणि प्रकृतीचे कारण सांगून चार दिवस घरी बसलो. प्रकृती खरोखरच बरी नव्हती. केवळ तिचे नाव वैद्यकाच्या पुस्तकात सापडले नसते.

तिसऱ्या दिवशी रात्री सौभाग्यवतींनी घरच्या पडद्यावर 'दो आँखें बारह हाथ' लावला. त्यातली प्रार्थना त्यांच्या शाळेत रोज म्हटली जात असे; तेव्हा त्या ती ऐकायला बसल्या आणि मी, दुसरे काही करण्यासारखे नव्हते म्हणून, त्यांच्याशेजारी बसलो. औंध संस्थानातील स्वतंत्रपूरच्या कैदी-वसाहतीच्या प्रयोगावर आधारलेला हा १९५७ सालचा चित्रपट. सहा खुनी कैद्यांना उजाड माळावर नेऊन माणसे करू पाहणारा जेलर आदिनाथ म्हणजे स्वतः व्ही. शांताराम. पण माझी नजर वारंवार वळत होती ती त्याच्या वरिष्ठाकडे. मनात शंका बाळगणारा, आणि तरीही त्या वेड्या प्रयोगाला वाट करून देणारा तो तुरुंगाधिकारी पडद्यावर येई थोडा वेळ. पण येई तेव्हा खुर्ची भरल्यासारखी वाटे.

"हे कोण हो?" सौभाग्यवतींनी विचारले.

"बाबूराव पेंढारकर," मी म्हटले. आणि ते नाव उच्चारताच माझ्या मनात काहीतरी लख्खकन हलले.

वाचकांपैकी ज्यांचे केस पिकले आहेत त्यांना हे नाव सांगावे लागणार नाही; तरुणांना मात्र सांगायला हवे. बाबूराव पेंढारकर हे भालजी पेंढारकरांचे थोरले बंधू. जन्म १८९६ चा. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी कोल्हापुरात चित्रपट काढू लागली त्या मूकपटांच्या काळापासून हा माणूस त्या धंद्यात होता. व्यवस्था पाहणे, माणसे जमविणे, अंगाला रंग फासून कॅमेऱ्यापुढे उभे राहणे, सर्व काही त्यांनी केले. १९३२ साली 'प्रभात'ने याच गावात 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट काढला, तेव्हा गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र झाले, दुर्गाबाई खोटे तारामती झाल्या आणि बाबूरावांच्या वाट्याला लोभी गंगानाथ आला. प्रेक्षकांनी ज्याचा तळतळाट करावा असा तो गंगानाथ! पुढे १९३६ च्या सुमारास मास्टर विनायक आणि छायालेखक पांडुरंग नाईक यांच्यासह त्यांनी 'हंस पिक्चर्स' उभी केली. खांडेकरांच्या कथेवरचा 'छाया' आणि अत्र्यांचा 'ब्रह्मचारी' ही त्याच घराची अपत्ये. त्या घरातही लोकांच्या तोंडी नाव राहिले ते धाकट्या विनायकरावांचेच.

आणि शांताराम? ते बाबूरावांचे मावसभाऊ. वयाने पाच वर्षांनी लहान. १९२० च्या सुमारास या कोवळ्या मुलाला हाताशी धरून महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या दारात उभे केले ते बाबूरावांनी. तेथे पडेल ते काम करीत तो मुलगा वाढला. १९२१ च्या 'सुरेखाहरणा'त कृष्ण झाला, १९२५ च्या 'सावकारी पाशा'त सावकाराच्या तावडीत सापडलेला तरुण शेतकरी झाला, १९२९ साली 'प्रभात'च्या संस्थापकांपैकी एक झाला. आणि मग तो एवढा मोठा झाला, की त्याला दारापर्यंत कोणी आणले याचा विचार करण्याचे कोणाला कारणच उरले नाही.

मी पडद्याकडे पुन्हा पाहिले. ज्याने हात धरून आणले तो एकसष्ट वर्षांचा माणूस, ज्याला आणले त्याच्या चित्रपटात, त्याच्या दिग्दर्शनाखाली, दुय्यम भूमिकेत उभा होता. गंमत अशी, की कथेत तो वरिष्ठ होता आणि प्रत्यक्षात कनिष्ठ! आणि हे प्रथमच घडत नव्हते. १९४६ च्या 'डॉ. कोटणीस की अमर कहानी'त शांताराम डॉक्टर कोटणीस झाले, तेव्हा बाबूराव चिनी सेनापती फाँग झाले होते. चेहरा बदलला, बोलण्याची ढब बदलली. जागा मात्र तीच, नायकाच्या बाजूची.

बाबूरावांच्या मनात कधीच काही सलले नसेल, असे मी म्हणत नाही. सलत नाही ते मन नव्हे, फळी होय. पण त्या तुरुंगाधिकाऱ्याच्या चेहऱ्यावर मी सल शोधू लागलो आणि मला सापडले ते केवळ काम. तो मनुष्य समोरच्या नटाचे बोलणे मन लावून ऐकत होता. पडद्यावर बोलणे सोपे असते; ऐकणे कठीण. नायकाचे वाक्य खरे वाटते ते पुष्कळदा ऐकणाऱ्याच्या डोळ्यांमुळे.

इंग्रजीचा प्राध्यापक असल्यामुळे मला येथे आणखी एका माणसाची आठवण झाली. शॉन ओकेसीचे 'जुनो अँड द पेकॉक' मी वर्षानुवर्षे शिकवीत आलो आहे. १९२४ साली डब्लिनच्या ॲबी नाट्यगृहात ते प्रथम रंगभूमीवर आले, तेव्हा त्यातला बढाईखोर कॅप्टन बॉइल रंगविला होता बॅरी फिट्झजेराल्ड याने. हा मनुष्य दिवसा सरकारी कचेरीत कारकुनी करी आणि रात्री नाटकात उभा राही. चाळिशी उलटेपर्यंत त्याने नोकरी सोडली नव्हती! १९३६ साली जॉन फोर्डच्या चित्रपटासाठी तो हॉलिवूडला गेला आणि तेथे म्हातारे पाद्री, दारुडे आणि कुरकुरे शेजारी रंगवीत राहिला. पुढे दूरचित्रवाणीवरही दिसला. 'गोइंग माय वे' या १९४४ च्या चित्रपटातील वृद्ध पाद्र्याच्या कामाबद्दल एकाच भूमिकेसाठी त्याचे नाव नायकाच्या आणि साहाय्यक नटाच्या अशा दोन्ही पारितोषिकांसाठी पुढे आले. पहिले गेले त्याच चित्रपटातल्या बिंग क्रॉस्बीकडे; दुसरे मिळाले त्याला. असा घोटाळा पुन्हा होऊ नये म्हणून त्या अकादमीला आपला नियम बदलावा लागला. युद्धामुळे त्या वर्षीचे पुतळे प्लॅस्टरचे होते. हा गृहस्थ घरात गोल्फचा सराव करीत असता त्याच्या काठीने पुतळ्याचे मुंडके उडाले, असे सांगतात. मोठेपणाशी इतकी मोकळीक नायकांना सहसा साधत नाही.

पण हे सर्व असे गोड करून सांगणे बरे नव्हे. दुय्यम भूमिकेची किंमतही असते, आणि ती आमच्याच गावातल्या एका माणसाने पुरेपूर मोजली. कोल्हापूरचे गणपत पाटील २००८ साली वारले. तमाशापटांत त्यांनी रंगविलेला नाच्या मराठी प्रेक्षक विसरणार नाही. त्या लकबींवर लोक पोट धरधरून हसले. आणि घरी जाताना हसू तेथेच न ठेवता बरोबर घेऊन गेले. ते चारचौघांसारखे बायकामुलांचे धनी होते. पण पडद्यावरचे हावभाव लोकांनी त्यांच्या देहाला चिकटविले आणि त्याची झळ घरच्यांनाही लागली. नायकाचे काम करणाऱ्याला लोक देव मानतात, तेही चूकच. पण ती चूक निदान सुखाची असते. ज्याच्या वाट्याला हास्यास्पद भूमिका येते, त्याला तिच्यातून सुटून माणूस होण्याची परवानगी आपण प्रेक्षक सहजासहजी देत नाही.

तेव्हा दुय्यम भूमिका हीच श्रेष्ठ, असा सोयिस्कर सिद्धांत मला मांडायचा नाही. हरलेल्या माणसाने काढलेल्या तत्त्वज्ञानावर माझा फारसा विश्वास नाही. बाबूरावांनाही एकदा पूर्ण माप मिळाले. अत्र्यांनी १९५४ साली 'महात्मा फुले' काढला तेव्हा जोतीरावांची भूमिका त्यांना दिली. समोर सावित्रीबाईंच्या वेषात सुलोचनाबाई. त्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. बाबूराव तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे होते. ही गोष्ट चोपन्नाव्या वर्षी मला किती गोड वाटली ते सांगायला नको! पण मग ध्यानात आले, की त्यानंतर तीनच वर्षांनी ते पुन्हा तुरुंगाधिकाऱ्याच्या खुर्चीत बसले होते. जोतीराव होऊन गेलेल्या माणसाला ती खुर्ची लहान वाटली नाही. मला सापडले ते एवढेच.

चित्रपट संपला. सौभाग्यवती म्हणाल्या, "उद्या कॉलेजात जाणार ना?"

मी म्हटले, "प्रकृती पाहून ठरवू."

"प्रकृती मी पाहिली आहे," त्या म्हणाल्या आणि दिवा मालवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खासबागेकडून फिरून आलो. ऑगस्ट २०२४ मध्ये आगीत होरपळलेल्या केशवराव भोसले नाट्यगृहापाशी नेहमीप्रमाणे थोडा थांबलो. शाहू महाराजांनी १९१५ साली उभारलेल्या त्या रंगमंदिरात नायक किती उभे राहिले याची नोंद कोठेतरी असेल; भाले धरून मागे उभे राहिलेल्यांची कोण ठेवणार? पण भालेवाले नसते तर नायक कोणाचा राजा झाला असता?

अकरा वाजता प्राध्यापकांची सभा होती. नवे प्राचार्य आत आले. सगळे उठले. मी खिडकीजवळ बसलो होतो. समोर वर्तमानपत्र होते, त्याच्या आड राहणे सोपे होते. त्याची नजर प्रथम माझ्याकडे आली आणि तीत मला स्पष्ट भीती दिसली. तोंडी परीक्षेला माझ्यासमोर उभा राहताना पंचवीस वर्षांपूर्वी दिसली होती, तीच. त्या क्षणी माझ्या ध्यानात आले, की या प्रवेशात त्याचे पहिले वाक्य खरे ठरायचे की खोटे, हे थोडेसे माझ्या हाती होते.

मी उभा राहिलो. गुडघा जरा दुखला.

"सर, आपण बसावे," तो घाईने म्हणाला.

"आधी तुम्ही," मी म्हटले. त्याला 'तुम्ही' म्हणण्याची ती पहिलीच वेळ. शब्द तोंडात अवघडला, पण बाहेर पडला. मग तो बोलू लागला आणि मी ऐकू लागलो. वर्षाच्या वेळापत्रकाविषयी तो जे बोलला त्यातले निम्मे मला मान्य नव्हते आणि ते मी पुढे सांगितलेही. परंतु तो बोलत असताना मी दुसरीकडे पाहिले नाही.

अर्ज अजून खणातच आहे. मी तो फाडला, असे लिहिले असते तर निबंधाचा शेवट अधिक चांगला झाला असता, हे मला कळते. पण मी तो ठेवला आहे. परवा पानवाल्याने पुन्हा विचारले, "सर, मग नवं सायेब कसं हायेत?" मी म्हटले, "चांगले आहेत. माझेच विद्यार्थी." त्याने पान दिले आणि या खेपेस पैसे घेतले.