घाटाखालचं माहेर

माझी आजी मुरबाडकडची आणि दिली होती जुन्नरकडे. मधे सह्याद्री. त्यामुळे नाणेघाट हा शब्द आमच्या घरात इतिहासाच्या पुस्तकातून आलाच नाही. तो आला 'माहेरची वाट' म्हणून.

पुढे कॉलेजात कळलं, की ही वाट दोन हजार वर्षांहून जुनी आहे. सातवाहनांच्या काळात कल्याण आणि सोपारा बंदरांतला माल याच घाटानं जुन्नरला चढायचा. माथ्यावर मोठा दगडी रांजण आहे, जकातीची नाणी त्यात टाकत असं सांगतात. जवळच कातळात खोदलेल्या लेण्यात ब्राह्मी लिपीतला, प्राकृत भाषेतला लेख आहे. तो नागनिका राणीचा मानतात. राजा सातकर्णी गेलेला, पदरी मुलं. महिना महिना उपवास करणारी, घरात राहून तपस्विनीसारखी जगणारी, असं तिचं वर्णन त्यात आहे. वाचलं तेव्हा मला आमची आजीच आठवली. ती अशीच लवकर एकटी पडलेली आणि उपासतापासात जन्म काढलेली.

लेखात यज्ञांची आणि दक्षिणेची यादी आहे. एका ठिकाणी गाई ११०१. शून्याचा वापर नव्हता, म्हणून हजाराचं एक चिन्ह, शंभराचं एक आणि एकाचं एक! गाईसुद्धा मोजून लिहिल्या. मागच्या भिंतीत राजघराण्याच्या मूर्ती होत्या. त्या गेल्या, वर कोरलेली काही नावं तेवढी राहिली.

ओझी वाहणारे हमाल, तांड्यांबरोबर चालणाऱ्या बाया, सासरी निघालेल्या पोरी.. यांची मोजदाद मात्र कुठेच नाही. त्यांच्या पावलांनी झिजलेल्या पायऱ्या तेवढ्या आहेत.

आता जुन्नरहून घाटघरमार्गे माथ्यापर्यंत गाडी जाते, म्हणून सत्तरी ओलांडल्यावरही मला जाता आलं. कड्यावरून खाली सगळं कोकण पसरलेलं दिसतं. आजी म्हणायची, "माहेर दिसतं गं, पण हाताला लागत नाही." या वाक्याचा अर्थ तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

आजीचं नाव सरस्वती. सासरी बदललं, आणि माहेरचं नाव आमच्या पिढीत मला एकटीलाच ठाऊक आहे. ते होतं चंद्रभागा. इथे लिहून ठेवते. भाचरांनो, नातवंडांनो, तुम्हीही आपापल्या आज्यांची माहेरची नावं विचारून ठेवा. विचारायला कुणी आहे तोवरच.