सात ते साडेआठ

खालच्या मजल्यावरचा मुलगा जेवत होता. नजर कार्टूनवर. आई घास भरवत होती, तो गिळत होता. ताटात भाजी कुठली, हेही त्याला ठाऊक नव्हतं. मला हे फार लागतं.

दोन ते चार वर्षांच्या मुलांना पडद्यासमोर जास्तीत जास्त एक तास, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्येच सांगितलंय. पण एकट्या आईनं टीव्ही बंद करून भागत नाही. शेजारी मालिका चालूच असते. म्हणून सांगली जिल्ह्यातलं मोहित्यांचे वडगाव मला मोलाचं वाटतं. २०२२ मध्ये तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला: साडेआठपर्यंत घरोघरी टीव्ही, मोबाइल बंद. मोठ्यांचेही! खरं बळ त्यातच आहे.

आपल्या सोसायटीत, वाडीत अशी वेळ ठरवू या. रिमोट आधी मोठ्यांनी खाली ठेवावा.