आदिलेच्या काठची शर्यत

'आपल्या गावची नदी कोणती?' हा प्रश्न मी दरवर्षी सहावीच्या वर्गात विचारते. भवानी पेठेतली मुले. बहुतेक जण 'भीमा' म्हणतात, दोन-चार जण 'सीना'. दोन्ही उत्तरे चुकीची नाहीत. भीमेचे पाणी पाइपातून चार-पाच दिवसांआड आमच्या नळाला येते आणि सीना शहराच्या पश्चिमेने वाहते. पण जी नदी शहराला खेटून जाते तिचे नाव कोणी घेत नाही. मी 'आदिला' असे फळ्यावर लिहिले की मागच्या बाकावरून हमखास आवाज येतो, "आपा, ओ नदी नै, नाला है!"

शहरात शिरल्यावर आपण तिची जी अवस्था केली आहे ती पाहता मुलाचे बोलणे खोटे म्हणता येत नाही. पण ही नदी वरच्या अंगाला पाहायला हवी. रूपाभवानीच्या देवळावरून तुळजापूर रस्त्याला लागले की मागांचा खडखडाट मागे पडतो आणि रिक्षा पंधरा-वीस मिनिटांत हिप्परग्याला पोचते. तिथे इंग्रजांनी 1871 साली आदिलेवर मातीचे धरण बांधून पाणी अडवले. तोच एकरुख तलाव. धरणाची भिंत दोन किलोमीटरहून जास्त लांब आहे. एके काळी मुंबई इलाख्यातल्या सर्वांत मोठ्या तलावांत त्याची गणना होत असे आणि आजही सोलापूरच्या पिण्याच्या पाण्यात त्याचा वाटा आहे. थंडीत तिथे पट्टकदंब उतरतात. हिमालय ओलांडून आलेले हे हंसासारखे पक्षी, डोक्यावर दोन काळे पट्टे. माझ्या वयाच्या बेचाळिसाव्या वर्षापर्यंत मी हे काही पाहिले नव्हते. घरापासून इतक्या जवळ असूनही!

पाहिले ते आमच्या गल्लीतल्या खालांमुळे. खाला विड्या वळतात. रोजच्या हजार विड्या म्हणजे मांडीवर सूप घेऊन आठ-दहा तासांची बैठक. वय साठीकडे झुकलेले, गुडघे धरलेले, त्यात साखर वाढलेली. डॉक्टरांनी सांगितले, 'रोज चाला.' खाला मला म्हणाल्या, "कां चलूं आपा? गली में?" आमची गल्ली म्हणजे दोन मोटरसायकली समोरासमोर आल्या तर एकीला मागे सरकावे लागते. पहाटे कुत्री आणि उजाडल्यावर गर्दी. त्यातून, बाईमाणूस काही काम नसताना रस्त्याने नुसतेच चालत आहे, हे आपल्याकडे अजून लोकांच्या पचनी पडत नाही. बाजारात जाणारी बाई दिसते, दवाखान्यात जाणारी दिसते. चालण्यासाठी चालणारी दिसत नाही.

मग एका रविवारी फजरनंतर आम्ही आठ जणी दोन रिक्षा करून हिप्परग्याला गेलो. धरणाच्या खालच्या अंगाला आदिलेच्या काठाने एक पांदण जाते. एका बाजूला बाभळी आणि नदीचे पात्र, दुसऱ्या बाजूला ज्वारी आणि ऊस. पहिल्या दिवशी खाला अर्धा किलोमीटर चालल्या आणि एका दगडावर बसून राहिल्या. दुसऱ्या महिन्यात त्या दोन किलोमीटर चालू लागल्या. आठाच्या आम्ही वीस झालो, मुले येऊ लागली. मुले चालत नाहीत, ती पळतात. त्यांच्यामागे आयाही थोड्या पळू लागल्या. 'आपण शर्यतच ठेवू या की,' हे वाक्य पहिल्यांदा कोण बोलले ते आता आठवत नाही.

हरकत आली, ती अपेक्षितच होती. मोहल्ल्यातले एक बुजुर्ग घरी आले. चांगले माणूस आहेत, माझ्या वालिदांचे दोस्त. म्हणाले, "बेटी, मुलांची शर्यत ठेव, मी बक्षीस देतो. पण मुली आणि बायका धावणार, हे बरे दिसेल का?" मी वाद घातला नाही. त्यांनाच ठाऊक असलेली गोष्ट त्यांना आठवून दिली. प्रवासात असताना हजरत मुहम्मद (स.) यांनी हजरत आयशा (र.) यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावली होती, तेव्हा हजरत आयशा जिंकल्या. पुढे काही काळाने पुन्हा शर्यत झाली, तेव्हा पैगंबर (स.) पुढे गेले आणि त्यांनी हसत मागची फिट्टंफाट झाल्याचे सांगितले. चाचा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "जागा आडोशाची आहे ना? कपडे नीट असू देत." तेवढी परवानगी मला पुरेशी होती. माझ्या वर्गातल्या मुलींना तर परवानगी आधीच मिळाली होती. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन जिंकून हिजाब बांधून पदक घ्यायला उभी राहिलेली सिफान हसन त्यांनी मोबाइलवर पाहिली होती. मी त्यांना आपल्या शेजारच्या माण तालुक्यातली ललिता बाबर सांगितली, जी 2016 मध्ये रिओला तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. तोही दुष्काळी मुलूखच, आपल्यासारखा.

तारीख ठरवायला बसलो तेव्हा कॅलेंडरने घाम काढला. 2025 च्या जानेवारीत 12 तारखेला रविवार होता. पण तो सोलापूरचा मोठा दिवस. 1931 साली याच तारखेला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना फाशी झाली. शिवाय त्याच सुमारास सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरते, सगळा पोलीस बंदोबस्त तिकडे. 26 तारखेचा रविवार झेंडावंदनाचा, शिक्षकांना शाळा. फेब्रुवारीत ऊन तापू लागते, शब-ए-बरात येते आणि मार्च उजाडताच रमजान. उरला 19 जानेवारी.

मग अंतर मोजण्याचे काम. मोबाइल दर वेळी वेगळा आकडा दाखवत होता. माझ्या भावाने अब्बांची जुनी काळी सायकल काढली. शाळेच्या मैदानावर टेपने शंभर मीटर आखले, चाकाच्या आरीला लाल चिंधी बांधली आणि फेरे मोजले. शंभर मीटरला साडेपंचेचाळीस फेरे. मोठ्या शर्यतींचे रस्तेसुद्धा अशाच, आधी पारखून घेतलेल्या सायकलने मोजतात आणि अंतर कमी भरू नये म्हणून किलोमीटरमागे एक मीटर जास्त धरतात, हे मला तेव्हाच कळले. अडीच किलोमीटर जाऊन परत यायचे होते, म्हणजे एका बाजूला अकराशे अडतीस फेरे. भाऊ सायकल हातात धरून चालला, मी आणि दोन मुली मोजत होतो. आठशेच्या पुढे एकदा म्हशी आडव्या आल्या, मोजणी चुकली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. लहान मुलांसाठी आणि चालणाऱ्यांसाठी एक किलोमीटरवर वळण ठेवले.

परवानग्यांचे अर्ज दिले, ज्यांच्या बांधावरून वाट जाते त्या शेतकऱ्यांना घरी जाऊन भेटलो. ज्वारी हुरड्यात होती. त्यांची एकच अट होती, पिकात कोणी शिरायचे नाही. भोंगा आणि फटाके नकोत हे आम्हीच ठरवले, पाण्यावरच्या पाहुण्यांसाठी. प्लॅस्टिकच्या बाटल्याही नकोत म्हणून शादीखान्यातून स्टीलचे पेले आणले. पाणी घरोघरच्या घागरींतून गोळा केले. ज्या पेठेत नळ चार-पाच दिवसांनी येतो, तिथे प्रत्येक घराने भरलेली एक घागर देणे म्हणजे काय, हे सोलापूरकरालाच कळेल. मला तीच सर्वांत मोठी वर्गणी वाटली. मोहल्ल्यातले एक डॉक्टर औषधांची पेटी घेऊन येणार होते आणि 108 ची गाडी कोणत्या रस्त्याने आत येईल ते आधीच पाहून ठेवले होते. सगळे केले, असे मला वाटत होते.

19 तारखेला सूर्य सातच्या सुमारास उगवला. फजर पढून माणसे टेम्पोतून आणि रिक्षांतून आली. छातीवर पिनेने लावलेले कागदी नंबर, एकूण शहाण्णव. सर्वांत लहान सात वर्षांची, सर्वांत मोठ्या आमच्या खाला, नंबर शहाण्णव. बुजुर्ग चाचा रुमाल हलवून शर्यत सोडायला स्वतः उभे राहिले. सव्वासातला रुमाल खाली आला आणि धुळीचा एक लोट नदीच्या काठाने निघाला. सलवारीत खोचलेल्या ओढण्या, रबरी चपला, शाळेचे बूट, एक-दोघे अनवाणी. चोवीस मिनिटांच्या आत पहिला मुलगा परत आला. मुलींत पहिली आलेली माझ्या वर्गातली. शाळेत ती कधी मान वर करून बोलत नाही. तिने पाणी पिण्याआधी विचारले, "आपा, फिर कब?"

साडेआठपर्यंत बक्षिसाच्या टेबलाभोवती गलका झाला होता. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि गूळ वाटणे सुरू झाले. मी यादी हातात घेतली आणि परत आलेल्यांच्या नावांपुढे खुणा केल्या. चौऱ्याण्णव. पुन्हा मोजले. चौऱ्याण्णवच. खाला नव्हत्या, पण त्या सावकाश येणार हे माहीत होते. दुसरा नंबर सहावीतल्या एका मुलाचा होता. त्याची अम्मी त्याच्यासाठी भाकरी बाजूला काढून उभी होती.

आणि मला ती जागा आठवली. पहिल्या वळणाच्या अलीकडे वाटेला फाटा फुटतो. एक वाट नदीकाठाने जाते, दुसरी तलावाकडे. दुसऱ्या वाटेवर बिनकठड्याची एक विहीर आहे. तिथे चुन्याने बाण काढला होता, पण माणूस उभा केला नव्हता. माणसे कमी पडत होती आणि टेबलाशी तिघांना बसवले होते. पहिला कोण, दुसरा कोण, हे अचूक टिपायला तीन माणसे आणि फाट्यावर एकही नाही. शंभर पायांखाली चुना केव्हाच पुसला गेला असणार.

भाऊ सायकलवरून पुढे गेला, मी पळत मागे. आयुष्यात त्या दिवशीइतकी मी कधी धावले नव्हते, आणि माझ्या छातीवर नंबरही नव्हता. विहिरीच्या काठाशी पोचले तेव्हा पाय लटपटत होते. वाकून पाहायचा धीर होईना. पाहिले. हिरवे पाणी, त्यावर पाने. बाकी काही नाही.

ते दोघे तलावाच्या बाजूने आले. खालांनी मुलाचा हात घट्ट धरला होता आणि मुलगा दुसऱ्या हाताने आकाशाकडे काही दाखवत बोलत होता. पक्षी पाहायला तो फाट्यावरून वळला होता. पुढच्या कोणालाच ते कळले नाही, कारण पळणारा मागे बघत नाही. कळले फक्त खालांना, कारण त्या सर्वांच्या मागे होत्या. हाक मारली, त्याने ऐकली नाही. मग त्या त्याच्यामागून गेल्या, दुखऱ्या गुडघ्यांनी, शर्यतीची वाट सोडून. मला पाहून एवढेच म्हणाल्या, "बच्चा अकेला जारा था, तो मैं बी गई."

त्याच्या अम्मीची मी माफी मागितली. तिने मुलाला आधी एक थप्पड दिली, मग छातीशी धरले. माझ्याशी ती त्या दिवशी बोलली नाही. तिचा हक्क होता तो.

ज्या वाचकांना आपल्या मोहल्ल्यात असे काही करावेसे वाटेल त्यांना मी एवढेच सांगेन. बक्षिसे, झेंडे, फलक यांची चिंता नंतर करा. प्रत्येक फाट्यावर एक जाणते माणूस उभे करा. सुटताना मोजा, वळणावर मोजा, परतल्यावर मोजा. आणि सर्वांच्या मागे चालणारा एक माणूस नेमा, ज्याच्या मागे कोणी राहणार नाही. तो पोचेपर्यंत शर्यत संपली असे म्हणू नका. पहिला येणारा आपल्या पायांनी येतो. शेवटचा सुखरूप पोचला की नाही, हे पाहणे आयोजकाचे काम आहे. वर्गातही मी वीस वर्षे पहिल्या बाकाकडे पाहून शिकवत आले, हे त्या सकाळपासून मला टोचते आहे.

यंदा सप्टेंबरात सीनेला आलेला पूर सर्वांनी पाहिला. सोलापूर-पुणे महामार्गसुद्धा लांबोटीजवळ बंद पडला होता. आदिलाही भरून वाहिली. ऑक्टोबरात आम्ही पांदण पाहायला गेलो तेव्हा ती दोन ठिकाणी खचली होती, ऊस आडवा झाला होता, बाभळींना कमरेइतक्या उंचीवर काडीकचरा अडकला होता. ज्यांनी मागच्या वर्षी आम्हाला वाट दिली त्या शेतकऱ्यांची पिके गेली होती. अशा वेळी शर्यतीचे बोलायला जीभ वळेना. आम्ही पुढच्या चार रविवारी फावडी आणि घमेली घेऊन गेलो. मुलांनी दगड वाहिले, बायकांनी माती भरली, एक बांध पुन्हा उभा राहिला. चौथ्या रविवारी त्या शेतकऱ्याच्या म्हाताऱ्या आईनेच विचारले, "मग औंदा पोरं पळनार न्हाईत व्हय?"

पळणार आहेत, इन्शाअल्लाह. जानेवारीतच, कारण रमजान यंदा फेब्रुवारीत येतो आहे. विहिरीभोवती काटेरी कुंपण घातले आहे. फाट्यावर बुजुर्ग चाचा स्वतः खुर्ची टाकून बसणार आहेत. खालांना यंदा नंबर नाही. त्यांच्या गळ्यात शिट्टी असेल आणि त्या सर्वांच्या मागे असतील. परवा त्या शिट्टी वाजवून पाहत होत्या. गल्लीतली सगळी मुले दारात आली आणि आवाज नीट येतो, अशी खात्री पटल्यावर खालांनी ती विड्यांच्या सुपात ठेवली.