जोईमामा

जोईमामाशी आपली पहिली गाठ पडते ती केकवर. १९८५ साल, कॅलिफोर्नियातलं हिल व्हॅली नावाचं काल्पनिक गाव, मॅकफ्लाय मंडळींचं रात्रीचं जेवण. आई लॉरेन केक आणून टेबलावर ठेवते आणि पोरांना सांगते, हा आता आपणच संपवायचा, तुमच्या मामाला याही वेळी पॅरोल नाकारलाय. केकवर आयसिंगने तुरुंगाचे गज काढलेत, त्यांतून एक पक्षी उडून चाललाय आणि सोबत ‘जोईमामा, घरी स्वागत’ अशा अर्थाचा मजकूर. ज्याच्यासाठी आणला तो आत, आणि केक बाहेर.

मुलगी म्हणते, मामा तुरुंगात असणं म्हणजे लाज आणणारी गोष्ट. थोरला आईलाच सुनावतो, भाऊ तुझा आहे. बाप जॉर्ज टीव्हीवरचा जुना विनोदी कार्यक्रम बघत खिदळतोय, त्याचं लक्षच नाही. लॉरेन म्हणते, चुका सगळ्यांच्याच हातून होतात. तुम्ही त्याला दोन ओळी लिहा. यावर ‘लिहितो’ असं कुणी म्हणत नाही. विषय तिथेच संपतो. मामाने नेमका काय गुन्हा केला, हेही आपल्याला कुणी सांगत नाही.

‘बॅक टू द फ्यूचर’ तुम्ही पाहिलेला असेलच. रॉबर्ट झेमेकिसने दिग्दर्शित केलेला, त्याने आणि बॉब गेलने मिळून लिहिलेला हा चित्रपट. मॅकफ्लायांचा सतरा वर्षांचा मुलगा मार्टी, डॉक ब्राउन या शास्त्रज्ञाने कालयंत्र बनवलेल्या डीलोरियन गाडीत बसून तीस वर्षं मागे, १९५५ च्या नोव्हेंबरात जातो. तिथे त्याला आजोबांचीच गाडी ठोकरते आणि शुद्धीवर येतो तो आईच्या माहेरी, बेन्स कुटुंबाच्या घरी. आई अजून शाळकरी मुलगी आहे, या पाहुण्यावर तिचं मन जडलंय आणि कथेचा सगळा घोळ तिथून सुरू होतो. तो सर्वांना ठाऊक आहे. मला थांबायचंय ते जेवणाच्या खोलीत, आजी स्टेला घरच्यांची ओळख करून देते तिथे.

हा मिल्टन. डोक्यावर रॅकूनच्या कातड्याची, मागे शेपूट लोंबणारी टोपी. त्या वर्षी डेव्ही क्रॉकेटच्या टीव्ही मालिकेमुळे अमेरिकेतल्या पोरांना या टोपीचं वेडच लागलं होतं. ही सॅली. तो टोबी. आणि तिकडे, लाकडी गजांच्या त्या प्लेपेनमध्ये, आमचा छोटा जोई.

मार्टी वाकून बघतो. सतरा वर्षांचा भाचा आणि अंगावर दुपटं शोभेल एवढा मामा! मार्टी त्याला हलक्या आवाजात सांगतो की बाळा, या गजांची सवय करून घे. थिएटरात हशा पिकतो. चित्रपटात जोईच्या वाट्याला आलेलं काम एवढंच, काही सेकंदांचं. त्याला एक शब्द नाही, एक हावभाव नाही. तान्ह्या मुलाकडून अभिनय कोण करवून घेणार? त्याने फक्त असायचं असतं.

पण तो विनोद नुसता त्याच्यावर चालत नाही. केक आधी, प्लेपेन नंतर, हा क्रम उलटा केला असता तर प्लेपेन हे फक्त प्लेपेन राहिलं असतं. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. इथे लेखकद्वयाने आधी पाय कुठे पोचले ते दाखवलं आणि मग पाळणा दाखवला. आपल्याकडे पाचवीच्या रात्री कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहून जाते म्हणून. मार्टी त्या गजांवर वाकतो तेव्हा तो सटवाईसारखाच वाटतो. फरक एवढाच की तो लिहीत नाही, आधीच लिहिलेलं वाचून दाखवतो.

माझ्या मते प्रसंगातलं खरं मर्म पुढच्या वाक्यात आहे, आणि ते आजीच्या तोंडी आहे. मार्टीचं बोलणं तिला कौतुकाचं वाटतं. ती म्हणते, जोईला त्यात बसायला फार आवडतं, बाहेर काढलं की रडतो, म्हणून आम्ही त्याला तिथेच ठेवतो. सदासर्वकाळ. एवढं बोलून ती मीट लोफकडे वळते.

या बाईला आपण नावं ठेवू शकत नाही. पदरात पाच मुलं, सहावं पोटात, नवऱ्याने जेवणाच्या टेबलाशी नवाकोरा टीव्ही ढकलत आणलेला, त्यात मोठ्या मुलीने घरात आणलेला हा विचित्र पोरगा. रांगतं मूल एका जागी स्वस्थ बसतंय, तर कोणती आई त्याला उठवेल? त्या काळच्या अमेरिकन आयांच्या हाती डॉक्टर बेंजामिन स्पॉक यांचं बालसंगोपनाचं पुस्तक असायचं. ते १९४६ साली निघालं आणि घरोघर पोचलं. स्पॉकसाहेबांचा सल्ला असा की प्लेपेन वापरायचंच तर मूल रांगायला लागण्याआधी त्यात ठेवायला सुरुवात करा. एकदा का त्याला मोकळ्या जमिनीची गोडी लागली की ते प्लेपेनला तुरुंग समजेल.

सल्ला शहाणपणाचाच होता. बेन्स कुटुंबात तो जरा जास्तच लागू पडलेला दिसतो. जोईला मोकळ्या जमिनीची गोडी लागलीच नाही. तो आत गेला म्हणून रडत नाही, बाहेर काढला की रडतो. आता हा मूळचाच गजांमागे रमणारा होता, की ठेवून ठेवून तसा झाला? चित्रपट या प्रश्नाला हातही लावत नाही, आणि लावू नये हेच बरं. विनोदी चित्रपटाने समाजशास्त्राचा तास घेतला की संपलंच. पण लेखकांनी ते वाक्य आजीला दिलं, हे मात्र उगाच नाही. मार्टीने सांगितलेलं भविष्य हसण्यावारी नेता येतं. आजीने सांगितलेला वर्तमान मनात रुतून बसतो.

तेवढ्यात नव्या टीव्हीवर ‘द हनीमूनर्स’ लागतं. तीस वर्षांनी जॉर्ज ज्यावर खिदळत असतो तोच भाग. मार्टी म्हणतो, हा मी पाहिलाय, आणि सगळे चक्रावतात. (तो भाग खरा प्रक्षेपित झाला १९५५ च्या ३१ डिसेंबरला, म्हणजे बेन्स मंडळींना तो जवळजवळ दोन महिने आधीच दिसला. कालप्रवासाच्या सिनेमात एवढं चालायचंच.) आणि जोई पडद्यावरून निघून जातो.

आता पुढचा हिशेब बघा. मार्टी परततो तेव्हा भित्रा जॉर्ज लेखक झालेला असतो, त्याची कादंबरी छापून हातात येते. लॉरेन सडपातळ आणि आनंदी. भाऊ कोट-टाय घालून ऑफिसला निघालेला, बहिणीसाठी मित्रांचे फोन. बिफसारखा गुंड जॉर्जच्या गाडीला पॉलिश करतोय. डॉक ब्राउन गोळ्या खाऊनही जिवंत. इतकंच काय, १९५५ मध्ये मार्टीच्या गाडीखाली पाईनचं एक रोपटं मोडलं, तर ‘ट्विन पाइन्स मॉल’ची पाटी बदलून ‘लोन पाइन मॉल’ झाली. झाडाच्या रोपट्यासाठीसुद्धा लेखकांनी पाटी रंगवून घेतली.

आणि मार्टी भोळा नाही, भविष्यात हात घालायला तो चांगला तयार आहे. निरोप घेताना तो आपल्या होणाऱ्या आईबापांना हळूच सांगून ठेवतो की तुमच्या आठ वर्षांच्या मुलाने कधी चुकून दिवाणखान्यातला गालिचा पेटवला, तर त्याला फार रागावू नका. स्वतःचं लहानपण त्याने असं सांभाळून घेतलं. डॉकसाठी तर कॅफेत बसून पत्र लिहिलं, पाकिटावर १९८५ च्या आधी उघडू नये असं बजावलं. डॉकने रागाने त्याचे तुकडे केले, पण पुढे ते जोडले आणि त्याच कागदाने त्याचा जीव वाचवला.

आजीला तो एक वाक्य बोलू शकला असता. बाई, पोराला जरा बाहेर खेळू द्या, रडला तर रडू द्या. तेवढ्याने काही झालं असतं का, सांगता येत नाही. पण गालिच्यासाठी शब्द टाकणाऱ्याला मामासाठी फक्त चेष्टा सुचली. मला हा चित्रपट मनापासून आवडतो, पटकथा तर घड्याळजीने जुळवावी तशी चोख आहे, आणि तरीही या एका बाबतीत मार्टीवर माझा राग आहे. आईने मामाला दोन ओळी लिहायला सांगितलं होतं. पोराने पत्र लिहिलं, पण ते डॉकला.

पुढच्या वेळी टीव्हीवर हा चित्रपट लागला तर शेवटचा, सकाळचा प्रसंग नीट ऐका. बदललेलं घर, बदललेली माणसं, दारात नवी गाडी. त्या सगळ्या बोलण्यात जोईमामाचं नाव एकदाही येत नाही.