खोलीची खोली

मराठीत 'खोली' या शब्दाचे दोन अर्थ होतात, हे मी गेली अठरा वर्षे वर्गात सांगत आले आहे. एक खोली आपण राहतो ती; दुसरी विहिरीची, भांड्याची किंवा विचाराची. विद्यार्थी श्लेषाचे उदाहरण म्हणून ते वहीत उतरून घेतात आणि परीक्षेनंतर विसरून जातात. त्यांना दोष कशाला द्यावा? हे दोन अर्थ एकमेकांचे किती जवळचे नातलग आहेत, हे आईच्या खोलीत कपाट करायला घेतल्यावाचून कुणाला कळणार!

आमचा फ्लॅट पुण्यात, कोथरूडला. इमारत वळणावर आहे. रस्ता वळला म्हणून प्लॉट वळला, प्लॉट वळला म्हणून भिंत वळली, आणि या साऱ्या वळणांचा शेवट आमच्या मागल्या खोलीत झाला. खोलीची लांबी दहा फूट. रुंदी मात्र दाराकडे आठ फूट आणि खिडकीपाशी जाईपर्यंत सहा! पश्चिमेची भिंत तिरपी, आणि तिच्या दाराकडच्या टोकाला सिमेंटचा खांब नऊ इंच पुढे आलेला. जणू आत यावे की बाहेर थांबावे हे न ठरलेला पाहुणाच. मिस्त्रींनी पहिल्या दिवशी कोपऱ्याला गुण्या लावला, भिंतीला ओळंबा सोडला आणि डॉक्टरच्या गंभीर आवाजात निदान सांगितले, "मॅडम, ही खोली गुण्यात नाही."

या खोलीत आई राहते. २०२२ च्या पावसाळ्यानंतर वाईचे भाड्याचे बिऱ्हाड मोडून ती आमच्याकडे आली. येताना एक लोखंडी ट्रंक, दोन पिशव्या आणि पाटावरचे देव, एवढेच तिच्याबरोबर होते. वाईच्या त्या जुन्या वाड्यात कपाट म्हणून वेगळी वस्तू फारशी नव्हतीच. भिंती चांगल्या दीड-दोन फूट जाडीच्या. दिव्याला कोनाडा, बरण्यांना फडताळ, छत्रीला खुंटी. भिंतच सारे पोटात घेई. आजच्या इमारतीचा भार खांब आणि तुळया पेलतात. भिंती नुसत्या आडोशापुरत्या, सहा इंची नाहीतर चार इंची. त्यांच्या पोटात काय मावणार? म्हणून आपण भिंतीपुढे प्लायवूडची दुसरी भिंत उभी करतो. वाडवडिलांच्या घरात जी जाडी घराबरोबरच येत असे, ती आपण चौरस फुटाच्या दराने निराळी विकत घेतो!

पण आईला कपाट नकोच होते. ट्रंक खाटेखाली. रोज सकाळी वाकून ती ओढायची, लुगडे काढायचे, झाकण लावायचे आणि पुन्हा आत ढकलायची. वय शहात्तर, गुडघे दुखरे. मी काही बोलले की उत्तर ठरलेले : "मला कशाला गं कपाट? लेकीच्या घरी माणसानं पाहुण्यासारखं राहावं. जावईबापूंना उगीच खर्चात घालू नकोस. मी काय, आज इथं, उद्या..." उद्या कुठे, हे ती कधी सांगत नसे. सांगण्यासारखे ठिकाणही उरले नव्हते. ट्रंक मात्र भरलेली ठेवली की निघण्याची मुभा हाताशी राहते, असे तिला वाटत असावे.

२०२४ च्या मे महिन्यात मी आणि ह्यांनी ते मनावर घेतले. आधी एका मोठ्या दुकानात गेलो. तिथल्या तरुणाने संगणकावर आमची खोली हां हां म्हणता चौकोनी करून दाखवली. जमिनीपासून छतापर्यंत सरकत्या दारांचे दोन फूट खोल कपाट, आणि तिरप्या भिंतीचा त्रिकोण त्याच्यामागे कायमचा बंद! "कुणाला कळणारसुद्धा नाही," तो म्हणाला. किंमत ९६,००० रुपये. हिशेब समोरून दिसणाऱ्या चौरस फुटांचा. आत किती मावते, याला त्या दरपत्रकात रकानाच नव्हता. तयार लोखंडी कपाट बरेच स्वस्त पडले असते. पण त्याच्या मापांना आमचा खांब ठाऊक नव्हता.

मग मिस्त्री आले. त्यांनी टेप लावून दाखवले. आईला खाट खिडकीशीच हवी होती. तीन फुटांची खाट आणि तिरप्या भिंतीला लागून दोन फुटांचे कपाट ठेवले, तर मध्ये जेमतेम दीड फुटाची गल्ली उरत होती. दीड फुटाचेच दार उघडल्यावर उघडणाऱ्याने उभे कुठे राहावे?

आई खाटेवर बसून वाती वळत होती. तिने मान वर न करता विचारले, "दोन फूट कशाला हवेत?"

"हँगरला लागतात, आजी."

"मी कुठं काय टांगते?"

मिस्त्री गप्प झाले. मीही झाले. सदरा हँगरला लावला की खांद्यापासून खांद्यापर्यंत अठरा-वीस इंच होतात. त्याला दार घासू नये म्हणून कपाट दोन फूट खोल करायचे, असा रिवाज. म्हणजे बाजारातले माप कुणाच्या तरी सदऱ्याचे! आमच्या आईची नऊवारी घडीची, चोळ्या घडीच्या, शालही घडीचीच. मी टेप घेऊन लुगड्याची घडी मोजली; चौदा इंच भरली.

पुढचा हिशेब मिस्त्रींनी कागदाच्या तुकड्यावर क्षणात केला. प्लायवूडचा ताव आठ बाय चार फुटांचा. दोन फूट खोलीचे कपाट करायचे तर त्याच्या दोनच पट्ट्या निघतात. सोळा इंच धरले तर तीन! करवतीचे खाणे वजा जाता पावणेसोळा इंच, आणि वाया काहीच नाही. गल्ली झाली सव्वादोन फुटांची. कपाटाची रुंदी सहा फूट, उंचीही सहाच. कारण आईचा हात त्याहून वर पोचत नाही, आणि जिथे हात पोचत नाही तिथली जागा तिची कसली? खांब नऊ इंच पुढे होता, कपाट सोळा. उरलेल्या सात इंचांत खांबापुढेच उघड्या फळ्या बसल्या. पोथी, चष्मा, औषधे आणि देव तिथे गेले. खांब पाहुणा होता, तो घरचा झाला.

ज्यांना असेच काम काढायचे असेल त्यांच्यासाठी दोन गोष्टी. भिंतीचे माप एकदाच घेऊ नये. खाली, मध्ये आणि वर असे तीनदा घ्यावे, कारण भिंती उभ्याही सरळ नसतात. प्लायवूड घेताना तावावरचा शिक्का वाचावा : आय.एस. ३०३ म्हणजे साधे, आय.एस. ७१० म्हणजे पाण्याला अधिक टिकणारे, मरीन. आमची भिंत पश्चिमेची, पावसाचा मारा खाणारी. म्हणून दुसरे घेतले आणि पाठीमागे इंचभर हवा खेळती ठेवली. सर्व मिळून ४२,००० रुपये झाले. प्राध्यापकाच्या घरात हा आकडाही लहान नव्हे, पण पेलला.

काम संपत आले तेव्हा आईने मिस्त्रींना हळूच बोलावले. मला वाटले, चहाचे विचारते आहे. ती म्हणाली, "त्या मधल्या खणाला कुलूप बसवाल का हो? लहानसं चालेल."

पाहुणा कुलूप मागत नाही. मी मुकाट्याने बाजारात जाऊन ते आणले. किल्ली एकच ठेवून घेतली, तिच्याकडे.

'कपाट' या शब्दाचा संस्कृतातला अर्थ आहे दार. उत्तरेत आजही बद्रीनाथाचे कपाट उघडले म्हणतात, ते याच अर्थाने. आपले 'कवाड'ही त्याचेच लेकरू. हेही मी वर्गात सांगत असतेच. आईच्या खोलीचे दार दिवसभर सताड उघडे असते. नातवंडे येतात, इस्त्रीचे कपडे येतात, माझे फोन येतात. त्या घरात तिला आपल्या हाताने लावता येईल असे दार नव्हते. आता एक आहे, अर्ध्या हाताएवढे. त्यामागे काय आहे ते मला ठाऊक नाही, आणि मी विचारणारही नाही.

ट्रंक मात्र पावणेसोळा इंचांत मावली नाही. "राहू दे माळ्यावर," आई म्हणाली. "यंदा चकल्यांचे डबे ठेवायला होईल."